ती वही फेकू नका

गोरेगावच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, तिसऱ्यांदा द्यायला ती तयार नाही. नवा रस्ता आखताना तिथल्या वन्यप्राण्यांच्या अधिवासाची पाहणी करतात, ते काम तिला करायचंय. ‘हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढू?’ असं ते विचारतात.

साहेब, ते मी सांगणार नाही. तिला न विचारता तुम्ही तिसऱ्या वर्षाची क्लासची फी भरलीत, आणि महिनाभर ती तुमच्याशी बोललेली नाही हे पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. मला तिच्या मार्कांपेक्षा याची काळजी वाटते.

ती वेळ वाया घालवते याचा पुरावा म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. तो मी मोठा करून पाहिला. आरेच्या रस्त्यावर गाड्यांखाली मेलेले बेडूक, साप, एक मुंगूस. प्रत्येकापुढे तारीख, वेळ, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर, पाऊस होता की नव्हता. अहो, या कामाची सुरुवात अशाच नोंदींनी होते! कोणी न शिकवता ती हे करतेय.

‘ही माणसं रस्ते अडवतात, यांना नोकरी कोण देणार?’ हा तुमचा गैरसमज. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी करताना प्राण्यांसाठी रस्त्याखालून 9 मार्ग ठेवले, त्यातला सर्वांत लांब 750 मीटरचा. तिथून जाणारे वाघ कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. अशी जागा ठरवायला कोणीतरी पायी फिरून ठसे, विष्ठा, पाणवठे नोंदवावे लागतात, ते नकाशावर मांडावे लागतात आणि इंजिनीअरला सांगावं लागतं, की या नाल्यावर भराव नको, पूल हवा. या कामाचे पैसे बहुतेकदा रस्ता बांधणाराच देतो, त्यामुळे अहवाल मवाळ करा असा दबावही येऊ शकतो. तिथे ‘नाही’ म्हणणारी माणसं लागतात. तुमच्या मुलीला ते म्हणता येतं.

सुरुवातीची वर्षं प्रकल्पापुरत्या कराराची असतात, डॉक्टरकीचा पैसा इथे नाही. हे तिलाही स्पष्ट सांगा. प्राणिशास्त्रात किंवा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, जोडीला जीआयएस (म्हणजे संगणकावर नकाशात माहिती मांडायचं तंत्र), मग देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी एमएस्सी, अशी वाट आहे. तोवर फोर्टला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या) कोर्सची चौकशी तिला करू द्या.

क्लासची फी परत मिळते का पाहा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.