बटण बंद असलं तरी होल्डरला हात लावू नका

प्रश्न (सांगली) : दादा, आमच्या स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी रात्री बारीकसा जळत राहतो. मागच्या आठवड्यात तो बदलायला स्टुलावर चढले, बटण बंदच होतं, तरी होल्डरमध्ये बोट लागलं आणि कोपरापर्यंत झटका बसला. मुलगा म्हणतो हात ओला असेल. घर 1988 चं आहे, वायरिंग तेव्हाचंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

उत्तर : काकू, संबंध आहे, आणि दोन्ही एकाच पत्रात लिहिलंत ते फार बरं केलंत. हात ओला असेल तर झटका जोरात बसतो हे खरं, पण होल्डरमध्ये करंट होता म्हणून बसला ना, मग बटण बंद असताना तो आला कुठून हे आधी बघायला पाहिजे.

बल्बला दोन वायरी जातात, एक फेजची, म्हणजे करंट आणणारी, आणि एक न्यूट्रलची, म्हणजे तो परत नेणारी. बटण फेजच्या वायरवर असावं लागतं, म्हणजे ते बंद केलं की फेज बोर्डातच थांबतो. तुमच्याकडे बहुतेक उलटं झालंय, बटण न्यूट्रलवर बसवलंय. त्यात बल्ब विझतो, कारण सर्किट तुटतं, पण फेज मात्र होल्डरच्या पिनेपर्यंत येऊन 230 व्होल्टने उभाच असतो. बोट लागलं, पाय जमिनीला किंवा दुसरा हात ओट्याच्या नळाला, की राहिलेलं सर्किट तुमच्या अंगातून पूर्ण होतं.

पिवळ्या बल्बच्या काळात हे कुणाला कळायचंच नाही. 60 वॅटच्या बल्बला पेटायला पाव अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तेवढा मिळाला नाही तर तार लालसुद्धा होत नाही. एलईडीच्या बुडात छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात, ते घरातल्या एसी करंटचा डीसी करंट करतं आणि त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, वायरीतून, भिंतीतून झिरपणाऱ्या अगदी नगण्य करंटवरही भरत जातो, म्हणून बल्ब मिणमिणतो नाहीतर मधूनच लुकलुकतो. म्हणजे दोष वायरिंगमध्ये आधीपासूनच असणार, एलईडीने तो आता दाखवला.

हे आमच्या घरीच सापडलं होतं. देवघरातला बल्ब गेला, वडिलांनी बटण बंद केलं आणि नेहमीसारखा हात वर नेला, मी नुकताच वायरमनचा ट्रेड शिकत होतो म्हणून म्हटलं थांबा, आधी टेस्टर लावू. होल्डरमध्ये स्प्रिंगवर दोन पितळी पिना असतात, पहिल्या पिनेला लावला तर काही नाही, दुसऱ्या पिनेला लावला आणि टेस्टरच्या पोटातला दिवा लालभडक पेटला. त्याच होल्डरमध्ये वडिलांनी वीस वर्षं बटणाच्या भरवशावर बल्ब बदलले होते. ते खाली उतरून पाटावर बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. तेव्हापासून मी कुणालाही बटणाच्या भरवशावर होल्डरला हात लावू देत नाही.

बारीक जळण्याचं आणखी एक कारण असतं, ते सांगतो म्हणजे उगीच घाबरणार नाही. बटणातच छोटा इंडिकेटर असेल तर त्याच्यातून थोडा करंट बल्बकडे जातो, तसंच फेजची वायर आणि बटणाकडून येणारी वायर एकाच पाइपातून लांबवर गेल्या असतील तरी असं होतं. पण तुम्हाला झटका बसलाय, त्यामुळे लायसन्स असलेला वायरमन बोलवा आणि फेज बटणावर घ्यायला सांगा, फक्त स्वयंपाकघरातला नाही, सगळ्या खोल्यांतला तपासून घ्या, कारण ज्याने एका ठिकाणी उलटं जोडलं त्याने बाकी ठिकाणीही जोडलेलं असू शकतं.

तोपर्यंत आणि त्यानंतरही बल्ब बदलायचा तर मेन बंद करा. इथे महाराष्ट्रात घरोघर एक गोष्ट विसरली जाते ती म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच त्याच बल्ब-पंख्यांच्या लाईनला बॅटरीवरून 230 व्होल्ट देतो. मेन स्वतः बंद केला म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि होल्डर जिवंत! आणि नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण तो बंद असला तरी बाहेरची लाईट त्याच्यातून सरळ पुढे जाते. म्हणून दोन्ही बंद करायचे, आधी इन्व्हर्टरचं बटण, मग मेन.

टेस्टरचंही एक सांगतो. मेन बंद करायच्या आधी तो एखाद्या चालू सॉकेटला लावून पेटतो का बघा, कारण बिघडलेला टेस्टर कुठेच पेटत नाही आणि आपण समजतो करंट नाही. मग मेन बंद करून होल्डरला लावा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, लाकडी स्टूल, प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती पाय फाकवते. खाली एक माणूस उभा ठेवा. बल्ब पेटता होता तर पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, एलईडीचं बूडही चांगलंच तापतं. पिनांचा बल्ब वर दाबून थोडा डावीकडे फिरवला की सुटतो, नवा घालताना उलट, दाबून उजवीकडे. आट्यांचा असेल तर नुसता फिरवायचा, पण त्याचा पत्र्याचा गळा अर्धा बाहेर आलेला असताना त्याला बोट लागू देऊ नका, वायरी उलट जोडलेल्या असतील तर फेज त्या गळ्यावर असतो.

काकू, आणखी एक विचारते असं तुम्ही म्हणाल त्याआधीच सांगतो, एमसीबी, म्हणजे बोर्डातली आपोआप पडणारी कळ, असल्यावर झटका का बसला? एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 6 अँपिअरचा एमसीबी 6 अँपिअरच्या वर गेल्यावर पडायचा, आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो, एमसीबीला तो जाणवतसुद्धा नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट वाट सोडून अंगातून जायला लागला की लाईट तोडणारी कळ, 30 मिलिअँपिअरची. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघायचं. वायरमन येईल तेव्हा हेही बसवून घ्याच, पैसे लागतील पण लावा.

प्रश्न (नाशिक) : लाईट गेल्यावर आपोआप पेटणारा चार्जिंगचा बल्ब आणला, तो काढून हातात धरला तरी पेटतो. लहान पोरं खेळतात त्याच्याशी. शॉक लागेल का?

उत्तर : त्या बल्बच्या आत छोटी बॅटरी असते, आणि बुडाच्या दोन टोकांमध्ये वाट आहे का हे तो बघत राहतो. घरातली लाईट गेली तरी बाकीच्या उपकरणांतून आणि वायरीतून ती वाट मिळते, तेव्हा त्याला कळतं बटण चालू आहे पण लाईट नाही, मग पेटायचं. तुमचा हात दोन टोकांना लागला की हातच वाट होतो. त्यासाठी जाणारा करंट बॅटरीचा आणि इतका थोडा असतो की जाणवतही नाही, चांगल्या बल्बपासून शॉकची भीती नाही.

भीती वेगळीच आहे. पोराने बल्ब काढून नेला की भिंतीवर रिकामा होल्डर राहतो, पोराचं बोट त्यात बरोबर बसतं. बटणाचं काय होतं ते वर वाचलंतच. बल्ब काढायची सवय पोरांना लागू देऊ नका आणि कुठलाही होल्डर रिकामा ठेवू नका, बंद पडलेला का होईना बल्ब लावून ठेवा.

प्रश्न (डोंबिवली) : पूर्वीचे पिवळे बल्ब नेमके बटण दाबलं की उडायचे, जळत असताना क्वचितच. असं का?

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. आतली टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि तापलेल्या तारेचा करंटला होणारा विरोध गार तारेच्या बारा-पंधरा पट असतो. 60 वॅटच्या बल्बचा पेटता विरोध 880 ओहमच्या आसपास, गार असताना 60-70. म्हणजे बटण दाबलं त्या क्षणी नेहमीच्या दहापटीहून जास्त करंट घुसतो. तारेतून टंगस्टन हळूहळू उडत असतं, काचेला आतून काळं धरतं ते तेच, आणि जिथे तार झिजून बारीक झाली तिथे तो पहिला धक्का सोसत नाही. आत आर्गॉन-नायट्रोजन भरतात तेही हे उडणं कमी व्हावं म्हणून. एलईडीत तार नाही, त्यात निळा एलईडी आणि त्यावर पिवळा लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड. तो निळा एलईडी बनवायला इतकं अवघड गेलं की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी 2014 चं नोबेल मिळालं. एलईडी गेला तर बहुतेक वेळा चिप शाबूत असते, ड्रायव्हरच गेलेला असतो, उष्णतेने. म्हणून बंद काचेच्या डोममध्ये तो लवकर जातो.

प्रश्न (कोल्हापूर) : बल्बची काच हातात आली, टोपी होल्डरमध्येच अडकली. कशी काढू?

उत्तर : मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, टेस्टर लावून खात्री, डोळ्यावर चष्मा, हातात जाड कापड. मग लांब तोंडाच्या पकडीने टोपीची कड धरा आणि दाबून फिरवा. व्हॉट्सअपवर बटाटा खुपसून काढायची युक्ती फिरते ती करू नका, बटाटा ओला असतो. टोपी हलतच नसेल तर ओढाताण नको, जुना होल्डर आतून जळून चिकटलेला असतो, वायरमनकडून अख्खा होल्डरच बदलून घ्या, नवा फार महाग नसतो.

आणि फुटलेला बल्ब सीएफएल असेल तर त्यात पारा असतो, थोडाच, काही मिलिग्रॅम, पण झाडूने लोटू नका. खिडक्या उघडून पोरांना बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटांनी जाड कागदाने तुकडे उचला, बारीक पूड चिकटपट्टीने टिपा, झाकणाच्या बरणीत भरा आणि कचरागाडीवाल्याला बरणी वेगळी दाखवून द्या, त्याचेही हात उघडेच असतात.