पंचनामा आधी

प्रिय पोरी,

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी असताना बोस्नियात स्रेब्रेनित्साचं हत्याकांड घडलं, मग हा आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकायचा कशाला, असं तू विचारतेस. राग रास्त आहे. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं हेगचं न्यायाधिकरण सुरक्षा परिषदेने 1993 मध्येच नेमलं होतं. तरी जुलै 1995 मध्ये डच सैनिकांच्या देखत पुरुष आणि पोरगे वेगळे काढले, आठ हजारांवर माणसं मारली. धाक कुणाला बसला नाही.

पण तू तिथेच थांबतेस, ते मला खपत नाही. पुढचं वाच. मारेकऱ्यांनी प्रेतं यंत्राने उकरून दूर नेऊन पुरली. कोझलुकचा खड्डा बाटल्यांच्या कारखान्याजवळचा. तिथल्या हिरव्या काचा प्रेतांबरोबर नव्या खड्ड्यांत गेल्या आणि तपासणाऱ्यांनी त्या जुळवल्या. असल्या बारीक नोंदी साचत गेल्या. मारेकऱ्यांचा सेनापती, बोस्नियन सर्ब जनरल म्लादिच 2011 मध्ये सापडला, 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुरावा जप, पोरी. निकाल कधीही लागो.

जेत्यांचा न्याय म्हणतेस? आहेच. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 पासून 1948 पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातल्या बहुतेकांना स्टालिनच्या राजवटीने घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलेलं. त्याच राजवटीचा न्यायाधीश न्युरेंबर्गला नाझी नेत्यांच्या खटल्यात बसला, आणि रशियातल्या कातिनला पोलिश अधिकाऱ्यांची जी कत्तल तिनेच केली होती, ती आरोपपत्रात जर्मनांच्या माथी मारली. निकालपत्रात त्या कत्तलीबद्दल अवाक्षर नाही. 1990 मध्ये मॉस्कोला कबूल करावं लागलं, 1992 मध्ये त्या कत्तलीच्या मंजुरीचा, स्टालिनच्या सहीचा कागदच बाहेर आला. कोर्टाने तोंड फिरवलं, कागद टिकला. म्हणून म्हणतो, पुरावा जप.

जन्म जिल्हा कोर्टात घालवला म्हणून मला नावं ठेवणारे आहेत. ठेवोत. पंचनाम्यावर वेळ घातली नाही म्हणून उलटतपासणीत खुनाचा खटला कोसळताना मी पाहिलाय. मेलेल्याची आई मागच्या बाकावर बसून होती. तेव्हापासून कागद पक्का झाल्याशिवाय मी उभा राहत नाही. हेगला काय किंवा इथे काय, काम तेच.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने उभं केलं त्या रोम करारावर भारताची सही नाही, तरी तो वाच. त्याआधी साक्षीचा कायदा वाच. आणि सोमवारी अकराला कसबा बावड्याला न्यायसंकुलात ये. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी आहे. वही आण, मोबाईल नको.

तुझा,
वकीलकाका