सही करण्याआधी

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला निवेदनाचा मसुदा दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे आणि तुझा राग रास्त आहे. व्याख्यानाला येणारे हे गृहस्थ आरक्षणाबद्दल जे बोलत फिरतात ते मलाही ऐकवत नाही. तरीही त्यांच्या व्याख्यानाची परवानगी रद्द करा, अशी मागणी करणाऱ्या कागदावर तू सही करू नयेस, असं मला मनापासून वाटतं. फोनवर हे घाईत बोललं गेलं असतं, म्हणून लिहितो आहे.

तुमच्या निवेदनाचा सगळा भार एका वाक्यावर आहे: या भाषणामुळे शहराची शांतता बिघडेल. वकिलीत या कारणाचे कागद माझ्या टेबलावर किती आले! सभा नाकारलेली माणसं यायची. कधी अंगणवाडी सेविका, कधी विद्यार्थी, कधी तुझ्या विचारांचे, कधी पार दुसऱ्या टोकाचे. माणसं बदलत, नकाराच्या पत्रातलं कारण तेच असे, कायदा आणि सुव्यवस्था. आज तू जे वाक्य या गृहस्थांविरुद्ध लिहून देते आहेस, तेच उद्या तुझ्या अभ्यासवर्गाच्या अर्जावर शेरा म्हणून येईल. शेरा मारणाऱ्याला त्यात एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

रोमेश थापर खटला तुम्हाला अभ्यासाला आहे. त्याच दिवशीचा दुसरा निकाल मात्र मुलं क्वचित वाचतात. तारीख 26 मे 1950, संविधान लागू होऊन जेमतेम चार महिने झालेले. ‘क्रॉस रोड्स’ हे थापर यांचं डाव्या विचारांचं साप्ताहिक. मद्रास सरकारनं त्याला आपल्या राज्यात यायलाच बंदी केली होती. दुसरीकडे ‘ऑर्गनायझर’, संघविचारांचं दिल्लीचं साप्ताहिक. त्याला हुकूम होता की ठरावीक मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवा. दोघांची एकमेकांशी काडीची जवळीक नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही हुकूम एकाच दिवशी रद्द केले, आणि ‘ऑर्गनायझर’च्या निकालात कारणं देताना थापर निकालाकडेच बोट दाखवलं. डाव्यांनी मिळवलेल्या युक्तिवादावर संघविचारांचं पत्र सुटलं. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाच. मला आजही ते वाचताना भरून येतं.

पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि अभिव्यक्तीवर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात हे सांगणाऱ्या कलम 19(2) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण घातलं गेलं. पण त्याच दुरुस्तीनं निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही बसवला. तुझी सगळी वकिली पुढे या एका शब्दाभोवती फिरेल.

आणि आपण नागपूरकर. दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव होतो आणि दीक्षाभूमीवर लाखो माणसं धम्मचक्र प्रवर्तनासाठी येतात. एकच शहर, जवळपास तेच दिवस, आणि सांगणं किती वेगळं! आता तुझ्या मसुद्यातला ‘भावना दुखावतात’ हा परिच्छेद घे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मी देव मानणार नाही, हे भर मैदानात, मोठ्या आवाजात म्हटलं गेलं. त्या दिवशी कोणाच्या भावना दुखावल्या नसतील? तेव्हा दुखावलेली भावना हीच कसोटी धरली असती, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून त्या प्रतिज्ञा निघाल्याच नसत्या. आपल्या माणसांना या स्वातंत्र्याची गरज इतरांपेक्षा जास्त पडली आहे, बेटा. ज्यांच्या हाती सत्ता, पैसा, छापखाना होता त्यांचं बोलणं कोण अडवणार होतं? हे स्वातंत्र्य कमी करायचा अर्ज आपणच लिहून द्यायचा, हे मला पटत नाही.

मसुद्याच्या शेवटी तुम्ही म्हणता, परवानगी दिली तरी आम्ही कार्यक्रम होऊ देणार नाही. हे वाक्य तर ताबडतोब काढ. 1989 चा रंगराजन निकाल तू वाचलेला नसशील. आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा एक तमिळ चित्रपट होता. तो दाखवला तर गडबड होईल म्हणून मद्रास उच्च न्यायालयानं त्याचं प्रमाणपत्र रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपायी अभिव्यक्ती दाबता येत नाही, विरोधी जमाव आवरणं हे राज्याचं कामच आहे आणि ते जमत नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे आपणच गोंधळाची धमकी द्यायची आणि त्याच धमकीच्या जोरावर बंदी मागायची, हा मार्ग बंद आहे.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गडचिरोली-मेळघाटापासून माणसं मोर्चे घेऊन येतात. त्यांच्याकडे चॅनेल नाही, वर्तमानपत्र नाही, आहेत ते पाय. 23 नोव्हेंबर 1994 ला अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले, त्यात बाया आणि लेकरं फार. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, तू रोज त्यावरून जातेस. मोर्चाच्या परवानगीचा आणि व्याख्यानाच्या परवानगीचा अर्ज शेवटी एकाच यंत्रणेपुढे जातो. ती यंत्रणा नाही म्हणायला जितकी सरावेल, तितका त्रास आधी या पायी येणाऱ्यांना होईल.

मर्यादा आहेतच. 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं 66-अ कलम रद्द करताना श्रेया सिंघल निकालानं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला. चिथावणीपर्यंत पोचलं तरच कायद्यानं आडवं यायचं. या गृहस्थांनी एखाद्या वस्तीवर चालून जा म्हटलं, दोन समाजांत वैर पेटवलं, तर भारतीय न्याय संहितेचं 196 कलम आहे. मग तक्रार तू लिही, मी तपासून देईन, सोबतही येईन. पण ते घडल्यावर, पुराव्यासह. माणूस काय बोलेल याच्या अंदाजावर नाही.

आता कामाचं. आयोजकांना पत्र लिही आणि भाषणानंतर प्रश्नोत्तरांना वेळ मागून घे. पहिल्या दोन रांगांत तुमची मुलं बसव, शिस्तीत, घोषणा न देता. दाराबाहेर एक पानी पत्रक वाटा, त्यात त्यांच्या तीन दाव्यांना आकडेवारीनं उत्तर असू दे. शिवीचा एक शब्द नको. पुढच्या आठवड्यात तुमची स्वतःची सभा लावा, तिला परवानगी नाकारली तर मी आहेच. प्रश्न आधी कागदावर उतरव, एका प्रश्नात एकच मुद्दा, आणि गुरुवारी संध्याकाळी धंतोलीत घरी घेऊन ये. सहानंतर मी मोकळा आहे.

तुझे,
वकीलकाका