शाकाहारी घरात मांजराचं पिल्लू आणलंय, दूध-पोळी पचत नाही. काय खायला घालू?

जिन्याखाली सापडलेलं, अंदाजे सव्वा महिन्याचं पिल्लू, घरात अंडंसुद्धा येत नाही आणि दूध-पोळी सुरू केल्यापासून त्याला पातळ होतंय, असं तुम्ही लिहिलंय. दूध आजच बंद करा. पोळीही. पिल्लू आईपासून सुटायला लागलं की दुधातली लॅक्टोज नावाची साखर पचवायची त्याची ताकद कमी होत जाते. चव आवडते म्हणून ते वाटी चाटूनपुसून साफ करतं आणि तासाभरात सोफ्यामागे घाण करून ठेवतं.

मी हे अनुभवावरून सांगतेय. आमचं डोंबिवलीतलं घर कट्टर शाकाहारी. पहिली मनी आली तेव्हा आईने तिला दूध-पोळी, दूध-भात, कौतुकाने वर साजूक तूपसुद्धा घातलं. तीन महिन्यांची झाली तरी मूठभरच, केस राठ, पोट तेवढं टम्म. डॉक्टरांनी काय खाते ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिला एकादशी कुणी धरायला लावली?" पोट जंतांनी फुगलं होतं, बाकी सगळी उपासमार.

आईचा मुद्दा होता की गावच्या घरी मांजरं दूध-भातावरच जगायची. जगायची, पण रात्रभर माळ्यावर उंदीर, पाली, झुरळं मारून खायची आणि वर शेजारच्या घरची मासळीही पळवायची. दूध-भात हे त्यांचं जेवण नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधल्या पिल्लाला ती सोय कुठून?

मांजर कुत्र्यासारखं मिश्राहारी नाही. टॉरिन म्हणून एक घटक त्याला पुरेसा शरीरात बनवता येत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. तो दीर्घकाळ मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमकुवत होतं. डाळ, पनीर, सोयाबीन कितीही घातलंत तरी ही उणीव भरत नाही. कुत्र्याचं खाणंही मांजराला पुरत नाही.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे 'किटन' लिहिलेलं तयार खाणं. मांस शिजवायला नको, हात लावायला नको. कोरडे दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून बोटाने कुस्करा आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. तोंड लावत नसेल तर किंचितसं त्याच्या ओठाला लावा, चाटलं की पुढचं ते बघून घेतं. उघड्या तोंडात बारीक दात दिसत नसतील तर मात्र ते अजून लहान आहे. मग पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा आणि पाजताना त्याला पालथंच धरा, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

आमच्याकडे या पाकिटावरून आठवडाभर अबोला होता. शेवटी तह झाला: डबा बाल्कनीत, त्याचा चमचा वेगळा, बशी बाहेरच्या नळावर धुवायची. पुढे आईच नाकाला पदर लावून दाणे भिजवायला लागली.

घरात अंडंही चालत नाही आणि पाकीटही चालणार नसेल तर स्पष्टच सांगते, पिल्लू दुसऱ्या कुणाकडे द्या.

जुलाब दूध बंद केल्यावर दिवसभरात थांबायला हवेत. थांबले नाहीत, रक्त दिसलं किंवा पिल्लू मलूल झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एवढासा जीव पाणी कमी होऊन पटकन जातो. मानेची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच खाली बसली नाही तर थांबूच नका. नाहीतरी जंताच्या औषधासाठी जायचंच आहे. ते वजनावर ठरतं, म्हणून अंदाजाने घरी पाजू नका. लसी साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास.

माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते. कुत्र्याचं पिसवांचं औषध तर अजिबात नको, त्यातल्या काहींमध्ये असलेलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं. कांदा-लसणाची फोडणी असलेलं उष्टंही नाही. आणि फरशी फिनाईलने पुसू नका, ती त्यावरून चालतात आणि नंतर पंजे चाटतात.

शी-शूसाठी उथळ ट्रे आणि त्यात चाळलेली बारीक रेती पुरे. ट्रेमध्ये घालायला बाजारात मिळणारी, ओली झाली की गोळे होणारी माती (लिटर) इतक्यात नको, पिल्लं ती खाऊन बघतात. जेवण झालं की लगेच ट्रेमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत कळतं त्यांना.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा पिल्लाला पातेल्यात बसवून तोला. आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढत असेल तर गाडी रुळावर आहे. पातेलं अर्थात वेगळं ठेवा, नाहीतर आमच्यासारखा अजून एक आठवडा अबोला.