नवीन संगीताच्या कॉन्सर्टला पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच

अरे, नवीन संगीत म्हणजे आजच्या काळातलं, प्रयोग करणारं पाश्चात्य संगीत, तर तिकीट काढायच्या आधी प्रोग्राम नीट बघ. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात, पण तिथे बराचसा भर बीथोवन-चायकोव्हस्कीसारख्या जुन्या संगीतकारांवर, म्हणून संगीतकाराच्या नावापुढचं जन्म-मृत्यूचं साल बघायचं, जिवंत संगीतकाराचं काही असेल तर ती संध्याकाळ अजिबात सोडू नकोस. छोटे, खरे धाडसी प्रयोग काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात नाहीतर महालक्ष्मीच्या जी५ए या कलाकेंद्रात सापडतात, फारशी जाहिरात नसते, तर इन्स्टावर आत्ताच फॉलो करून ठेव.

आणि घरी अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं क्लॅपिंग म्युझिक ऐकून जा. १९७२चं आहे, दोन माणसं नुसत्या टाळ्या वाजवतात, बारा मात्रांचा एकच ठेका, एक जण तो शेवटपर्यंत तसाच धरतो आणि दुसरा थोड्या थोड्या वेळाने एकेक मात्रा सरकत जातो, मधे सगळं गुंतल्यासारखं वाटतं आणि बाराव्यांदा सरकला की दोघं परत जुळतात! तबला ऐकला असशील तर समेची वाट बघायची सवय आहेच, तीच इथे लाव. ड्रोन (लांबच लांब धरलेला सूर) किंवा नॉइजच्या (गोंगाटासारख्या आवाजांच्या) सेटमध्ये मात्र सम शोधत बसू नकोस, तिथे आवाजाचा पोत ऐकायचा, आणि स्पीकरच्या अगदी समोर बसायचं नाही, केमिस्टकडून इअरप्लग घेऊन जा.