स्टुडिओ बंद पडला, गेम विकला जातोच आहे: पैसा कोणाकडे जातो?

तुम्ही बडोद्याहून लिहिले आहे की, ज्या गेमला तुम्ही संगीत दिले त्याचा स्टुडिओ बंद पडला, मालक फोन उचलत नाहीत, विक्रीतला ठरलेला वाटा थांबला आणि तरीही गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात राजरोस विकला जातो आहे. मग हा पैसा जातो कुठे? इंदुरात काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी संगीतकार आहे, वकील नाही. खाली दिलेली कलमे जाणकाराकडून तपासून घ्या. करार, बिले आणि ईमेल तुमच्याकडे आहेत असे धरून चालतो.

दुकान आपला हिस्सा कापून घेते (स्टीमचा सर्वसाधारण दर 30 टक्के) आणि उरलेली रक्कम ज्याच्या नावावर तिथले खाते आहे त्याला देते. गेम कोणी घडवला, तो माणूस आज कुठे आहे, याच्याशी त्या व्यवहाराचा संबंध नसतो. स्टीमच्या पानावर विकसक (गेम घडवणारा) आणि प्रकाशक (तो बाजारात आणणारा) अशी दोन नावे वेगवेगळी दिलेली असतात. प्रकाशकाचे नाव वेगळे असेल तर पैसा बहुधा त्याच्याकडेच जातो आहे.

हक्कांचे म्हणाल, तर ते कोणाच्याही हाती जाऊ शकतात. अमेरिकेतील लुकिंग ग्लास हा नावाजलेला स्टुडिओ मे 2000 मध्ये बंद झाला आणि त्याच्या ‘सिस्टम शॉक 2’ या गेमचे हक्क चक्क एका विमा कंपनीकडे गेले, तर त्या नावाचा ट्रेडमार्क ईए या कंपनीकडे राहिला. नाइटडाइव्ह स्टुडिओचे संस्थापक स्टीफन किक यांनी त्या विमा कंपनीशी बोलणी करून परवाना मिळवला, तेव्हा कुठे फेब्रुवारी 2013 मध्ये तो गेम गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आला. टीएचक्यू ही प्रकाशक कंपनी डिसेंबर 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या ‘डार्कसायडर्स’ सारख्या मालिका नॉर्डिक गेम्सने लिलावात घेतल्या आणि 2016 मध्ये स्वतःचे नावच टीएचक्यू नॉर्डिक करून टाकले. ज्यांनी रात्री जागून हे गेम उभे केले त्यांना त्या लिलावात बसायला खुर्चीही नसते, आणि मला हे आजही अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे कंपनी रीतसर परिसमापनात गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली, तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेचे कलम 53 कोणाचे देणे आधी फेडायचे ते ठरवते: प्रक्रियेचा खर्च, तारण घेतलेले सावकार आणि कामगार, मग इतर कर्मचारी, आपल्यासारखे बाहेरून काम करणारे त्यांच्याही मागे. परंतु छोटे स्टुडिओ या वाटेने क्वचितच जातात. ते 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 248 खाली सरकारी नोंदवहीतून कंपनीचे नाव काढून घेतात, आणि माझे सर्वांत मोठे नुकसान नेमके इथे झाले.

नाव काढण्यापूर्वी जाहीर सूचना निघते आणि हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. रामबागेत राहणाऱ्या माझ्या काकांनी हिंदी वर्तमानपत्रातील ती सूचना दाखवली म्हणून मला कळले. मी बिलांच्या प्रती जोडून हरकत लिहिली आणि एका कार्यालयात घेऊन गेलो. ते कोणते हे इथे लिहीत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, कोपऱ्यात पेन्सिलीने ‘भागधारक नाही’ असे लिहिले आणि शिक्का न मारता परत केला. सूचनेत कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते असे स्वच्छ छापलेले होते. ते कात्रण मी पुढे केले, तर ‘साहब से मिलिए’, आणि साहेब दौऱ्यावर. नंतर शपथपत्र मागितले, ते दिले तेव्हा दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवले, आणि या हेलपाट्यांत मुदत उलटून गेली. माझा संताप अजून शमलेला नाही. म्हणून आग्रहाने सांगतो: सूचना निघाली असेल तर आजच हरकत पाठवा, ईमेलने आणि स्पीड पोस्टने दोन्हीकडून, आणि पोहोच जपून ठेवा, खिडकीवर विसंबू नका.

मुदत गेली असली तरी सगळे संपत नाही. कलम 248 नुसार नाव काढल्यावरही संचालकांची देणी कायम राहतात, आणि कलम 252 नुसार धनको (ज्याचे कंपनीकडे येणे आहे तो) 20 वर्षांच्या आत कंपनी न्यायाधिकरणाकडे कंपनी पुन्हा नोंदीवर आणण्याचा अर्ज करू शकतो. माझी थकबाकी त्या खर्चाच्या मानाने लहान होती, म्हणून मी तो मार्ग सोडला. तुमची रक्कम मोठी असेल तर मात्र जरूर विचार करा.

माझ्या मते बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकामागे धावण्यात वर्षे घालवू नयेत. ते स्वतःही बहुधा कर्जात बुडालेले असतात. ज्याच्या खात्यात आज पैसा येतो आहे त्याच्याकडे जावे. माझा करार स्टुडिओशी होता, परंतु आयकराच्या 26 एएस मध्ये (आपल्या नावावर कोणी किती कर कापला ते दाखवणारे विवरणपत्र) पाहिले तेव्हा शेवटच्या रकमांवरचा कर प्रकाशकाने कापलेला दिसला. म्हणजे माझा वाटा देणे लागतो हे त्याला ठाऊक होते, आणि हा पुरावा घरबसल्या मिळाला. जाता जाता आणखी एक: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीवरील बोजांची यादी पाहता येते, एखाद्या बँकेने गेमचे हक्क तारण घेतले असतील तर तेही तिथेच कळेल.

खरा उपयोग झाला तो 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 19 चा. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. माझ्या करारात दोन्हींचा उल्लेख नव्हता. पाच वर्षे उलटल्यावर मी प्रकाशकाला लिहिले की, या संगीताचा हक्क आता माझ्याकडे परत आला आहे, आणि परदेशातील विक्रीसाठी तो तुमच्याकडे कधी नव्हताच. त्यांनी काही आठवड्यांत थेट माझ्याशी नवा करार केला. मागची थकबाकी बुडाली, पुढचा वाटा सुरू झाला. तुम्ही पगारी नोकर असाल तर मात्र हे लागू होत नाही, कारण नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे ठरले नसल्यास, कायद्याने नोकरी देणाराच असतो.

तुमच्या करारातील हक्कांचा परिच्छेद नावे आणि रकमा झाकून इथे टाका. मुदत आणि प्रदेश यांविषयी त्यात काय लिहिले आहे ते पाहून प्रकाशकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी तुम्हाला करून देईन.