वाचक विचारतात : ‘बंद ठेवलेलं’ आयपीव्ही६

प्रश्न : मॅडम, मी एका संस्थेचं नेटवर्क सांभाळतो. तीनेकशे संगणक, दोन सर्व्हर, बाहेर जायला एकच सार्वजनिक पत्ता; आतलं सगळं नॅटवर (एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक संगणक चालवायची सोय) चालतं. आयपीव्ही६ (इंटरनेटवर पत्ते द्यायची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) मी सगळीकडे बंद ठेवलंय. आता वरिष्ठ विचारतात, त्यावर जायचं का? सुरळीत चाललेल्या गाडीला खीळ कशाला घालायची, असं माझं मत. जायचंच तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ‘सगळीकडे बंद ठेवलंय’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. एका बैठकीत मीही ते छातीठोकपणे म्हटलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या निम्म्या मजल्याचं इंटरनेट रखडलं. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरवर सगळे दिवे हिरवे. तीन तास आम्ही स्विच, केबल, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) असं एकेक चाचपत बसलो. शेवटी सापडला एका सहकाऱ्याचा लॅपटॉप. त्याने इंटरनेट शेअर करायची सोय चालू ठेवली होती आणि तो लॅपटॉप ‘मी राउटर आहे’ अशी आयपीव्ही६ची दवंडी पिटत होता. बाकीच्या संगणकांनी ती ऐकली, स्वतःचे पत्ते स्वतःच तयार केले आणि त्याच्याकडे वळले. आमचा मॉनिटर फक्त आयपीव्ही४ बघत होता, त्याला बिचाऱ्याला काय दिसणार?

तुम्ही बंद केलंय ते बहुधा राउटरवर. विंडोज व्हिस्टापासून ते मुळातच चालू येतं. लिनक्स, मॅक, फोन यांचंही तेच. कुठलाही संगणक उघडून बघा, एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसेल. म्हणजे तुमच्याकडे आयपीव्ही६ आहेच, फक्त त्याच्यावर कोणाची नजर नाही. तेव्हा वरिष्ठांना उत्तर द्यायच्या आधी, याच आठवड्यात, स्विचवर आरए गार्ड चालू करा. राउटर सोडून दुसऱ्या कुठल्या पोर्टवरून अशी दवंडी आली तर स्विच ती तिथेच अडवतो.

आता नॅटबद्दल. आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली हे मानक ठरलं तेव्हा तो आकडा अफाट वाटला असणार. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून टाकले आणि कोठार रिकामं झालं. तेव्हापासून नॅटवर नॅट चढतंय. तुमच्या राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता एकदा तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, तर तुम्ही ज्याला सार्वजनिक म्हणता तो पत्ता सेवादात्याने बऱ्याच ग्राहकांत मिळून दिलेला आहे. बाहेरून व्हीपीएन (संस्थेच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) जोडलं जात नाही, अशी कुरकूर ऐकू येत असेल तर तिचं मूळ तिथे असू शकतं.

आणि गाडी थांबवा असं कोण म्हणतंय? एका दिवसात सगळं बदलायचा प्रकार एकदा झाला होता. १ जानेवारी १९८३ला अर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाने, जुना प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम) सोडून टीसीपी-आयपी घेतला. तेव्हा जोडलेली यंत्रं काही शेकड्यांत होती, म्हणून ते निभलं. आता दोन्ही प्रोटोकॉल शेजारी शेजारी चालवायचे. यालाच ड्युअल स्टॅक म्हणतात. मी आधी फायरवॉल घेईन, मग बाहेरून दिसणारी वेबसाइट आणि डीएनएस, मग आपल्याच खोलीतले संगणक. इतरांची टेबलं सगळ्यात शेवटी. आपल्या चुका आधी आपणच भोगाव्यात.

फायरवॉलपाशी मी स्वतः माती खाल्ली आहे. जुन्या सवयीने सीमेवर आयसीएमपी (यंत्रं एकमेकांना अडचणी कळवतात ते निरोप) सरसकट अडवलं. लॉगिनचं पान उघडायचं, पुढचं मोठं पान मात्र फिरतच राहायचं. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे (पाठवलेल्या माहितीच्या पुडक्याचे) तुकडे करत नाही. ‘मोठं आहे, लहान करून पाठव’ असा आयसीएमपीव्ही६चा निरोप उलटा धाडतो. तो निरोपच मी दारात अडवत होते. दोन दिवस गेले त्यात. हा निरोप कधीही अडवू नका. आणि नॅट गेलं की सगळे संगणक उघडे पडतील, ही भीती सोडा. आत कोणाला येऊ द्यायचं ते फायरवॉल ठरवते. तिच्यात आयपीव्ही६चे नियम लिहिलेत ना, तेवढं बघा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र राउटर, स्विच यांनी खाल्लाच नाही. तो खाल्ला आमच्याच प्रोग्रॅमांनी. हजेरीच्या डेटाबेसात पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा होता. आयपीव्ही४ला तो पुरतो. आयपीव्ही६चा पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जातो. रकान्याने निमूटपणे पहिली १५ ठेवून बाकीची टाकून दिली आणि नोंदीत अख्खी इमारत एकाच संगणकावर बसलेली दिसू लागली! तेव्हा पत्ता जिथे जिथे लिहून ठेवलाय त्या जागांची यादी करा : लॉग, परवाने, प्रिंटरची सेटिंग, कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या स्क्रिप्ट. काम किती आहे ते ती यादीच सांगेल.

पत्त्यांची आखणी करताना कंजूषपणा नको. सेवादात्याकडे ४८ बिटांचा प्रीफिक्स (पत्त्याचा ठरलेला सुरुवातीचा भाग) मागा. त्यात ६५,५३६ उपनेटवर्क बसतात आणि प्रत्येकाला ६४ बिट मोकळे उरतात. आयपीव्ही४मध्ये पै-पै वाचवायची सवय हाडात मुरलेल्या आपल्यासारख्यांना हे फार जड जातं.

प्रश्न : चारनंतर एकदम सहा कसं? पाच कुठे गेलं?

उत्तर : ५ हा क्रमांक इंटरनेट स्ट्रीम प्रोटोकॉल नावाच्या प्रयोगाने आधीच घेतला होता. आवाज आणि चित्र वाहून न्यायचा तो प्रयत्न होता; पुढे रुजला नाही, पण क्रमांक अडकला तो अडकलाच.

प्रश्न : आम्ही आयपीव्ही६ चालू केलं, काहीच फरक जाणवला नाही. म्हणजे नीट चालतंय असं समजायचं ना?

उत्तर : छे! ब्राउझर तुमची चूक झाकत असेल. तो आधी आयपीव्ही६ने हाक मारतो आणि पाव सेकंदाच्या आसपास उत्तर आलं नाही तर गुपचूप आयपीव्ही४नेही प्रयत्न करतो. एका संगणकावर आयपीव्ही४ पूर्ण बंद करा आणि दिवसभर त्यावरच काम करा. ज्या साइटना अजून आयपीव्ही६ नाही त्या उघडणार नाहीत, त्या सोडून द्या. तुमच्या स्वतःच्या सेवांपैकी जे अडेल ते लिहून काढा.